उन्हाच्या झळा आणि तेलाचा ताप

हवेवर थंड होणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌स गाडीला चंदीगडच्या उन्हाळ्यात जपायचे, तर ऑइल कूलर बदलावा का? बदललाच तर कसा?

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की चंदीगडला दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, राजस्थानकडून येणारी लू कानशिले भाजून काढते आणि ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या त्या रुंद, सरळ रस्त्यांवर सावली शोधावी लागते. माणसे घरात कूलर लावून बसतात. गाड्यांचे मात्र तसे नसते. त्यांना ठरल्या वेळी बाहेर पडावेच लागते.

साध्या गाडीला या उन्हाची फारशी फिकीर नसते. तिच्या इंजिनाभोवती पाणी खेळत असते, ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे येते. पण मोटारींच्या दुनियेत एक घराणे असे होऊन गेले की ज्याने पाण्याला आयुष्यभर दूर ठेवले. फोक्सवॅगन बीटल, पोर्शे ३५६ आणि पोर्शे ९११ या त्या घराण्यातल्या गाड्या. यांच्यात रेडिएटर नाही, पाण्याची टाकी नाही. इंजिन थंड राहते ते पंख्याच्या वाऱ्यावर आणि पोटातल्या तेलावर. अशी एखादी जुनी गाडी जो उत्तर भारतात जपतो, त्याला उन्हाळा आला की एकच चिंता असते. तेल किती तापले?

मोटारींचा नाद असलेल्यांसाठी चंदीगड हे तसे हक्काचे गाव. घरटी वाहनांच्या हिशेबात हे शहर देशात पहिल्या रांगेत बसते. मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटमध्ये जुन्या गाड्यांचे सुटे भाग मांडलेले असतात. शेजारच्या मोहालीत १९७० च्या दशकापासून स्वराज ट्रॅक्टर बनत आले आहेत. (त्या ट्रॅक्टरांना इंजिने पुरवणारी स्वराज इंजिन्स ही कंपनी १९८५ साली उभी राहिली, तेव्हा तिच्यात पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा वाटा होता, हे मराठी वाचकांना ऐकायला आवडेल.) त्यामुळे लोखंडाशी बोलणारे हात इथे कमी नाहीत. अडचण एवढीच, की पाण्याच्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री हवेच्या इंजिनापुढे आला की कधी कधी भलताच इलाज करून बसतो.

आजोबा, मुलगा आणि नातू

या घराण्याचा मूळ पुरुष फर्डिनांड पोर्शे. बीटलचा आराखडा त्यांचा. थंडीत गोठून फुटेल असे पाणीच नको, गळेल अशी नळीच नको, हा त्यामागचा सरळ हिशेब. युरोपातल्या बर्फात तो चोख बसला. त्यांचा मुलगा फेरी पोर्शे याने बीटलचेच बरेचसे भाग वापरून १९४८ साली ३५६ ही स्पोर्ट्‌स गाडी रस्त्यावर आणली. नातू फर्डिनांड अलेक्झांडर याने पुढच्या गाडीला रूप दिले. ती १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने उभी राहिली. मधल्या शून्याच्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे अशी हरकत फ्रान्सच्या प्युजो कंपनीने घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. सहा सिलिंडर, दोन लिटरला थोडे कमी, ताकद १३० अश्वशक्ती. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. हवेवर थंड होणारी ९११ पुढे १९९८ पर्यंत बनत राहिली. त्यानंतर कंपनीने हट्ट सोडला आणि पाण्याची वाट धरली.

या गाड्या भारतीय मातीला अगदीच अनोळखी नाहीत. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीकडे ९८ गाड्यांची शर्यत निघाली होती. तुर्कस्तान, इराण, काबूल असे करत त्या पंजाब-हरियाणाच्या मैदानातून दिल्लीला आल्या, तिथून मुंबईला, आणि मुंबईहून ‘चुसान’ या बोटीतून ऑस्ट्रेलियाला गेल्या. शर्यत जिंकली ती ब्रिटनच्या हिलमन हंटर या अगदी घरगुती गाडीने. पण चौथ्या क्रमांकावर पोलंडचा सोबिएस्लाव झसादा होता आणि त्याच्या हाती होती पोर्शे ९११. हवेवरचे इंजिन अर्धी पृथ्वी ओलांडून गेले. अर्थात, त्या गाड्या इथून गेल्या तेव्हा हिवाळा होता, हे विसरून चालणार नाही. तीच शर्यत मे महिन्यात निघाली असती तर झसादाची नजर रस्त्यापेक्षा तेलाच्या काट्यावर जास्त राहिली असती.

बशीतला चहा

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची सगळी ताकद काही चाकांपर्यंत पोचत नाही. ढोबळ हिशेबाने तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा म्हणजे निव्वळ उष्णता, जी इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावी लागते. पाण्याच्या गाडीत हे काम मुख्यतः पाणी करते. ९११ मध्ये ते पंखा आणि तेल वाटून घेतात. सिलिंडरांवर बारीक बारीक पाती असतात, पंखा त्यांच्यावरून वारा ढकलतो. आणि जिथे वारा पोचूच शकत नाही, म्हणजे पिस्टनच्या पोटाखाली, क्रँकच्या बेअरिंगमध्ये, कॅमच्या पेटीत, तिथे तेल जाते. नुसते वंगण म्हणून नव्हे. तिथली उष्णता उचलून आणायलाही.

हे उचललेले ओझे कुठेतरी उतरवायला हवे. त्यासाठी ऑइल कूलर. गरम चहा कपातून बशीत ओतला की लवकर निवतो, कारण तो पसरतो आणि त्याला जास्त वारा लागतो. ऑइल कूलर म्हणजे अशा पाचपन्नास बशा एकावर एक रचलेल्या. चपट्या नळ्यांतून तेल जाते, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांतून वारा जातो.

बीटलमध्ये हा कूलर इंजिनावरच, पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत उभा केला होता. त्याने एक गंमत झाली. त्याच्या मागे असलेल्या तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला वारा कमी आणि तोही आधीच तापलेला मिळू लागला. जुन्या बीटलचा तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी जळतो, हे जगभरच्या मिस्त्रींना तोंडपाठ झाले. शेवटी १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी खोपटी करून दिली. इंजिनीअर मंडळी त्या पत्र्याच्या खोपटीला ‘कुत्र्याचे घर’ म्हणतात.

९११ मध्ये इंजिनावरचा कूलर होताच. शिवाय तिचे तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये न राहता मागच्या उजव्या मडगार्डातल्या वेगळ्या टाकीत राहते. साध्या गाडीत तीन-चार लिटर तेल असते, इथे नऊ-दहा. जास्त ताकदीच्या ९११ एस ला १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या उजव्या मडगार्डात दुसरा कूलर दिला गेला. तेल मागून निघते, गाडीच्या कडेने पुढे जाते, निवून परत येते. पुढे काही वर्षे इतर मॉडेलांत खर्च वाचवण्यासाठी तिथे नुसती वळवलेली नळी बसवली. तिच्या आकारावरून तिला ‘ट्रॉम्बोन’ हे बँडमधल्या वाद्याचे नाव पडले. नंतर पितळी पात्यांचा कूलर आला आणि १९८४ च्या कॅरेरापासून रेडिएटरसारखा भरगच्च. म्हणजे खुद्द कंपनीच वीस वर्षे हा कूलर वाढवत होती. आज जगभर जुन्या ९११ चे मालक जे करतात, ते दुसरे काही नसते. ट्रॉम्बोनच्या जागी भरगच्च कूलर बसवतात, किंवा जिथे काहीच नव्हते तिथे पहिल्यांदा बसवतात.

चंदीगडचे गणित

तेल ९० ते ११० अंशांच्या मध्ये खेळत असले की गाडी खुशीत असते. आता एक साधे गणित करू. तेल ११० अंशांवर आणि बाहेर जर्मनीतली १० अंशांची हवा, म्हणजे फरक १०० अंशांचा. तीच गाडी मे महिन्यात चंदीगडला उभी केली, बाहेर ४४ अंश, की फरक उरला ६६ अंशांचा. कूलर तोच, वारा तितकाच, पण उष्णता बाहेर टाकण्याची त्याची ताकद एक तृतीयांशाने घटली. रस्त्यावरच्या डांबराची धग वेगळीच.

त्यात चंदीगडचे चौक. भल्यामोठ्या गोलाकार चौकांवर रांग लागली की गाडी पावलापावलाने सरकते. इंजिनावरचा पंखा बेल्टने फिरतो, त्यामुळे इंजिन चालू आहे तोवर तो वारा देतो. पण पुढच्या मडगार्डातला कूलर गाडीच्या वेगावर जगतो. गाडी थांबली की त्याचा वारा थांबला. म्हणून इथे नुसता मोठा कूलर बसवून भागत नाही, त्याला विजेवर चालणारा छोटा पंखा आणि तापमानावर चालणारा स्विच जोडावाच लागतो. खुद्द पोर्शेनेही शेवटी तसाच पंखा दिला.

शनिवार-रविवारी परवाणूवरून कसौलीला जाणाऱ्यांचा अनुभव आणखी वेगळा असतो. ३२० मीटरवरचे चंदीगड सोडून गाडी तासा-दीड तासात १,९०० मीटरच्या आसपास चढते. वर हवा थंड मिळते खरी, पण घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागे रखडत चढताना इंजिन जोरात आणि गाडी हळू, अशी उलटी परिस्थिती असते. काटा चढतो तो इथेच.

आणि एअरकंडिशनर? तो नसेल तर घरातली मंडळी मे महिन्यात अशा गाडीत बसणारच नाहीत. पण जुन्या ९११ मध्ये एअरकंडिशनरचा एक कंडेन्सर मागच्या झाकणाखाली असतो. इंजिनाचा पंखा जी हवा ओढतो, ती या कंडेन्सरमधून तापूनच आत येते. माणसांचा गारवा इंजिनाच्या जिवावर! बायकामुलांना बरोबर घेऊन दुपारी निघणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

तेल फार तापले तर काय होते? ते पातळ होते, दाब उतरतो, बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्रा विरतो. १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटरच्या इंजिनांची कथा तर प्रसिद्धच आहे. त्यांची पेटी मॅग्नेशियमची, हलकी पण मऊ. उष्णतेने सिलिंडर फुगले की हेड दाबून धरणारे लांब बोल्ट त्या मऊ धातूतून आटे घेऊनच उपटून यायचे. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी जी भट्टी जोडली होती, तिने हा ताप आणखी वाढवला. १९७८ पासून कंपनीने पेटी पुन्हा अ‍ॅल्युमिनियमची केली. असे इंजिन बिघडले की खर्च दुसऱ्या एखाद्या चांगल्या गाडीच्या किमतीएवढा होतो आणि सुटा भाग परदेशातून, जकात भरून मागवावा लागतो.

आधी झाडलोट, मग खरेदी

इतके वाचून कोणी लगेच मोठा कूलर मागवायला निघेल. तिथेच थांबायला हवे. तापणाऱ्या गाडीचा पहिला इलाज कूलर नाही, झाडलोट आहे.

उत्तरेतली धूळ आणि इंजिनावर सांडलेले तेल यांची लापशी सिलिंडरच्या पात्यांत आणि इंजिनावरच्या कूलरच्या फटींत घट्ट बसते. वरून इंजिन लख्ख दिसते, आत वारा जायला जागाच नसते. कधी कधी उंदीर पंख्याच्या पत्र्याखाली घरटे करतात. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचे रबर हे काही शोभेसाठी नसतात. खालची तापलेली हवा वर येऊ नये म्हणून ते असतात, आणि नेमके तेच ‘जास्तीचे’ समजून काढून ठेवलेले आढळतात. बेल्ट सैल असेल तर पंखा मंद फिरतो. इग्निशनचे टायमिंग चुकले किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देत असला तरी इंजिन तापते. अशा गाडीला मोठा कूलर लावणे म्हणजे ताप कशाने आला हे न बघता कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत राहणे. पारा उतरेल, रोग आतच राहील.

काट्याचेही एकदा तपासून घ्यावे. काही वर्षांच्या ९११ मध्ये तेलाच्या काट्यावर आकडेच नाहीत, नुसते पट्टे आहेत. पट्टा म्हणजे नेमके किती अंश, हे कळल्याशिवाय घाबरण्यात अर्थ नाही आणि निर्धास्त राहण्यातही नाही. तेलाची पातळी बघण्याची रीतही निराळी. इंजिन पूर्ण तापलेले, चालू, आणि गाडी सपाट जमिनीवर. साध्या गाडीप्रमाणे सकाळी थंड इंजिनात पट्टी बुडवली तर तेल कमी दिसते, आणि घाईचा माणूस दोन लिटर जास्त ओतून मोकळा होतो. १९७२ च्या मॉडेलमध्ये तर तेलाचे झाकण बाहेरून, उजव्या बाजूला दिले होते. पंपावरची पोरे त्यात पेट्रोल ओतू लागली म्हणून ते वर्षभरातच बंद केले, असे सांगतात.

झाडलोट झाली, सगळे जागच्या जागी आले, तरीही काटा चढतोच आहे, तर मग खुशाल कूलर बदलावा. पण त्याचा जीव थर्मोस्टॅटमध्ये असतो, हे विसरू नये. तेल साधारण ८५ अंशांपर्यंत येईतो थर्मोस्टॅट त्याला पुढच्या कूलरकडे जाऊ देत नाही. हा भाग महाग आहे आणि वगळला तरी मे महिन्यात काहीच बिघडत नाही. बिघडते ते जानेवारीत. चंदीगडची जानेवारीतली सकाळ चार-पाच अंशांची, धुक्याची. थर्मोस्टॅट नसेल तर तेल दिवसभर कोमटच राहते. इंजिन थंड असताना तेलात मिसळलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, तेलाचा चिखल होतो, आणि घट्ट तेल कूलरच्या बारीक नळ्यांतून ढकलताना दाब भलताच वाढतो. उन्हाळ्यासाठी केलेला खर्च इंजिनाला हिवाळ्यात मारतो. ज्या गावी वर्षात चाळीस अंशांचा फरक पडतो, तिथे थर्मोस्टॅटशिवायचा कूलर नसलेलाच बरा.

नळ्यांच्या बाबतीत काटकसर तर अजिबात नको. ट्रॅक्टरचे आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप दाबून देणारी दुकाने पंजाबात जागोजागी आहेत आणि त्यांचे काम पक्के असते. मात्र तापलेल्या तेलाला टिकेल अशाच जातीचा पाइप मागून घ्यावा आणि तोंडे यंत्रावर दाबून घ्यावीत. पाण्याचा रबरी पाइप चढवून वर क्लिप आवळणे हा जिवाशी खेळ आहे. ९११ चे इंजिन मागे, सायलेन्सर तिथेच. पाइप सुटला तर उकळते तेल लालबुंद सायलेन्सरवर पडते आणि गाडी पेट घेते. पाइप कुठे घासत नाही ना, चाक पूर्ण वळवल्यावर टायर त्याला लागत नाही ना, हे गाडी उचलून बघावे. जुन्या जोडांवरचे नट वर्षानुवर्षांच्या मातीने जाम झालेले असतात. ते जोर लावून फिरवले तर आटेच उखडतात. गरम करून, तेल सोडून, रात्रभर ठेवून मग पाना लावणारा मिस्त्री शोधावा.

आणखी एक. पूर्वी कधी इंजिनाचे बेअरिंग गेले असेल तर त्याचा चुरा जुन्या कूलरच्या नळ्यांत दडून बसतो. तो कधी पूर्ण निघत नाही. नवे बांधलेले इंजिन जुन्या कूलरला जोडले की महिन्याभरात तो चुरा पुन्हा बेअरिंगमध्ये येतो. जुना कूलर स्वस्तात मिळाला म्हणून आणणाऱ्यांनी आधी त्याची जन्मकुंडली विचारावी.

बुलेटवाल्यांचा शौक

पोर्शे हा फार थोड्यांचा छंद. पण चंदीगडमध्ये हवेवरचे इंजिन बघायला पोर्शेपर्यंत जावे लागत नाही. बुलेटचा ठोका इथल्या प्रत्येक सेक्टरात ऐकू येतो आणि लेह-लडाखला निघालेले तांडे उन्हाळ्यात इथूनच पुढे जातात. त्यातले काही हौसेने बाजारातला ऑइल कूलर लावून घेतात. नव्या इंजिनाला तो चालून जातो. जुन्या बिडाच्या इंजिनाचा तेलपंप मात्र अगदी बेताचा. त्याच्यापुढे लांब नळ्या आणि कूलर वाढवला की हेडपर्यंत पोचणारे तेलच कमी होते. तिथे मूळ इंजिनाला जपून चालवणे आणि वेळेवर तेल बदलणे हाच खरा कूलर.

कंपन्यांनी स्वतःच हे काम केले तेव्हा पंपासकट सगळा विचार केला. पुण्याच्या बजाजने २००७ च्या पल्सर २२० ला कारखान्यातूनच ऑइल कूलर दिला होता. रॉयल एन्फिल्डने २०१६ च्या हिमालयनला आणि २०१८ च्या इंटरसेप्टर ६५० ला दिला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अशा गाडीत पुढच्या चाकाच्या मागे, इंजिनासमोर जी छोटी काळी जाळी दिसते, ती हीच.

कायदा काय म्हणतो?

मोटारीला ५० वर्षे पूर्ण झाली की तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. केंद्र सरकारने त्याचे नियम २०२१ साली केले. अशा गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि नोंदणी १० वर्षे चालते. ही गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. राज्याने नेमलेली समिती तशी पाहणी करते.

मग मडगार्डात बसवलेला कूलर हा फेरफार की देखभाल? यावर शौकीन मंडळी तासन्‌तास वाद घालतात. जुन्या गाडीतला प्रत्येक स्क्रू मूळचाच हवा म्हणणारे एकीकडे, आणि मूळ रूपात जळून गेलेल्या इंजिनाचा काय उपयोग म्हणणारे दुसरीकडे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे, पण एका अटीवर. पत्रा कापायचा नाही, इंजिनाच्या पेटीत भोक पाडायचे नाही, कारखान्याने ज्या जागा आणि आटे दिले आहेत तेवढेच वापरायचे. कंपनीने त्याच घराण्यातल्या मोठ्या गाडीला जो कूलर दिला, तोच लहान गाडीला त्याच जागी बसला, तर तो उद्या दोन तासांत काढताही येतो.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी गावातल्या गावातच फिरावे. नव्या कूलरमध्ये आणि नळ्यांत मिळून दोन-तीन लिटर तेल जास्त मावते, म्हणून इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की पातळी पुन्हा बघून भर घालावी. थर्मोस्टॅट उघडला हे ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या मडगार्डातली नळी हाताला एकदम गरम लागते. शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक जोडाखाली कोरे वर्तमानपत्र अंथरून गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी डाग दिसला तर तो जोड आवळावा. आणि काढलेला जुना कूलर, नळ्या, क्लिपा, अगदी नट-बोल्टसुद्धा भंगारवाल्याला देऊ नयेत. तेल पुसून, चिठ्ठी लावून, एका पेटीत भरून माळ्यावर ठेवून द्यावेत.